तोंडांत काय आहे?

कुत्र्याचें पिलूं घरीं आणल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच माणसाच्या ध्यानांत येतें, कीं ज्या गांवांत आपण चाळीस वर्षें काढलीं त्या गांवाचा रस्ता आपण अद्याप नीट पाहिलेलाच नाहीं. रस्त्यानें जातांना आपली नजर असते ती समोरून येणाऱ्या वाहनांवर, दुकानांच्या पाट्यांवर, फार तर ओळखीच्या चेहऱ्यांवर. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक दुसरेंच जग पसरलेलें असतें याचा आपणांस पत्ता नसतो, आणि पिलाला ठाऊक असतें तें नेमकें तेवढेंच जग. त्या जगांत वडापावाचे तेलकट कागद आहेत, कोंबडीचीं हाडें आहेत, दाणे खाऊन भिरकावलेलीं कणसें आहेत, औषधी गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें आहेत, आणि शेजारच्या बंगल्यांतील मांजरानें मातीखालीं गुपचुप पुरलेलें जें कांहीं असतें तेंहि आहे. या सर्व वस्तूंविषयीं पिलाचें मत एकच असतें. ईश्वरानें त्या खाण्याकरितां निर्माण केल्या आहेत, आणि आपण विलंब लावल्यास दुसरें कोणी तरी त्या खाईल.

आमच्या घरीं खंड्या आला तो गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरींत एका नादुरुस्त मालमोटारीखालीं त्याच्या आईनें चार पिलें घातलीं होतीं. त्यांतील दोन वाहनांखालीं गेलीं, एक कोणी उचलून नेलें, आणि उरलेलें एक माझी नात शाळेच्या दप्तरांत घालून घरीं घेऊन आली. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतो म्हणून आमच्या बाजूस कुत्र्याचें नांव खंड्या ठेवण्याची रीत जुनी आहे. परंतु पाण्यावर डोळा ठेवून बसणाऱ्या आणि कांहीं चमकलें कीं झडप घालणाऱ्या एका निळ्या पक्ष्याचेंहि नांव खंड्याच आहे. आणि आमच्या पिलानें आपल्या नांवाच्या पहिल्या अर्थापेक्षां या दुसऱ्या अर्थाचीच लाज अधिक राखली.

पशुवैद्यांनीं पहिल्याच भेटींत सांगितलें, कीं शेवटची लस होईपर्यंत याचे पाय रस्त्याला लावूं नका. पार्व्हो नांवाचा पिलांचा जो रक्तातिसार आहे तो १९७८ च्या सुमारास जगांत प्रथम ओळखला गेला. त्याचे विषाणु आजारी कुत्र्याच्या विष्ठेंतून मातींत मिसळतात आणि तेथें कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून लसीच्या मात्रा सहाव्या-आठव्या आठवड्यापासून ठराविक अंतरानें देत सोळाव्या आठवड्यापर्यंत न्याव्या लागतात. तोंवर खंड्यानें जग पाहिलें तें नातीच्या कडेवरून. ज्येष्ठाच्या आरंभीं त्याला रस्त्यावर चालण्याची परवानगी मिळाली, आणि नेमके त्याच सुमारास त्याचे दुधाचे दांत पडूं लागले. पिलाला दुधाचे २८ दांत असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडूं लागतात व सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागीं ४२ पक्के दांत येतात. या काळांत हिरड्या अशा शिवशिवत असतात, कीं चावण्याजोगें कांहीं दिसलें आणि सोडून दिलें असें होणें नाहीं. शिवाय मूल जसें हातानें जग चांचपतें तसें पिलाला करतां येत नाहीं. त्याला एखाद्या वस्तूची ओळख करून घ्यावयाची म्हणजे ती तोंडांतच घ्यावी लागते. त्याच्या या सवयीला खादाडपणा म्हणणारे लोक अर्धेंच सत्य सांगतात. उरलेलें अर्धें म्हणजे निव्वळ जिज्ञासा.

मुलानें माती खाल्ली म्हणून यशोदेनें त्याला ‘तोंड उघड’ असें दरडावलें आणि त्या इवल्याशा तोंडांत तिला अवघें विश्व दिसलें, ही भागवतांतली कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. खंड्याच्या तोंडांत मला विश्व दिसलें नाहीं. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सारा औद्योगिक पट्टा मात्र दिसला.

आम्ही राहतों ती वस्ती प्राधिकरण या नांवानें ओळखली जाते. १९७२ सालीं स्थापन झालेलें तें नवनगर विकास प्राधिकरण २०२१ सालीं विसर्जित झालें, तरी लोकांच्या तोंडीं नांव तेंच राहिलें आहे. पहाटे साडेपांचापासून आमच्या कोपऱ्यावर कारखान्यांच्या बसगाड्या येऊं लागतात. पहिल्या पाळीचीं माणसें हातांत पोह्यांचा द्रोण किंवा वडापाव घेऊन उभीं असतात. बस आली कीं उरलेला घास तोंडांत आणि कागद रस्त्यावर, अशी विभागणी होते. त्यांना दोष देण्याचें माझ्या मनांत येत नाहीं, कारण बस अर्धा मिनिटच थांबते आणि कचऱ्याची पेटी रस्त्याच्या पलीकडे आहे. पण खंड्यालाहि बाहेर जाण्याची निकड लागते ती याच वेळीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलें, मग आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि शेवटीं चाकण अशी कारखान्यांची रांग लागत गेली, आणि १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, हा इतिहास मीं पुस्तकांत वाचला आहे. खंड्या तो नाकानें वाचतो, आणि वाचलेलें पान खाऊन टाकतो.

त्याच्या तोंडांतून निघालेल्या वस्तूंची एक याद नातीनें आपल्या वहींत करून ठेवली होती. तींत लेथवरचा लोखंडी कीस आहे, केसांच्या बटेसारखा वळलेला आणि पात्यासारखा धारदार. भोसरीहून परतणाऱ्या कोणा कामगाराच्या बुटाच्या तळव्यांत रुतून तो येथवर आला असावा. रबराच्या चकत्या आहेत. वायरीचे तुकडे आहेत. जस्त चढविलेला एक नट आहे. आणि तो पोटांत राहिला असता तर आम्लांत विरघळणाऱ्या त्या जस्तानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटूं लागल्या असत्या, असें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून नात त्या नटाकडे सापाकडे पाहावें तशी पाहते. मोटारी जेथें रात्रभर उभ्या राहतात तेथें कधीं कधीं हिरवट रंगाचें डबकें सांचतें. तें रेडिएटरमधलें कूलंट. त्यांतील इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतें, आणि कांहीं चमच्यांतच पिलाचीं मूत्रपिंडें निकामी करतें. ज्या भागाचें पोट मोटारींवर चालतें त्या भागांत हें ठाऊक असणारीं माणसें इतकीं थोडीं असावीं याचें मला नवल वाटतें. मग चाकणचा कांदा. त्याचा लौकिक मोठा, आणि आमच्या घरीं त्याच्याशिवाय पान हलत नाहीं. परंतु कांद्यालसणांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्ताला मारक असतात, आणि शिजवल्यानें किंवा तळल्यानें त्यांचा तो गुण जात नाहीं. म्हणजे पावसाळी संध्याकाळीं ज्या कांदाभज्यांच्या वासानें आपण सुखावतों, त्यांचा कागदांत उरलेला चुरा पिलाच्या दृष्टीनें औषधांच्या दुकानांतील वर्ज्य कपाटांतला माल. द्राक्षें, मनुका आणि चॉकलेट यांचेंहि तसेंच. आंब्याची कोय आणि मक्याचें खाल्लेलें कणीस यांत विष नसतें, पण तीं आंतड्यांत अडकलीं म्हणजे पोट चिरल्यावांचून निघत नाहींत. आणि शिजवलेल्या हाडाच्या तर सुयाच होतात.

हें सगळें कळल्यावर घरांत पहिला विचार निघाला तो पिलाचा स्वभाव मोडण्याचा. मला तो विचार पटेना, याचें कारण त्याची आई. ती अजून ट्रान्सपोर्टनगरींतच असते. ड्रायव्हर लोक चूल मांडून जेवण करतात, त्यांच्या ताटांतलें खरकटें, ढाब्यामागचा ढीग, मेलेला एखादा उंदीर, यांवर तिचा संसार चालतो, आणि तिच्या अंगावरची तकाकी पाहिली तर तो बरा चालला आहे असें म्हणावें लागतें. रेमंड कॉपिंजर नांवाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचें असें मत होतें, कीं माणसानें लांडग्याचीं पिलें पकडून आणून कुत्रा घडविला ही समजूत चुकीची आहे. वस्तीबाहेरच्या उकिरड्यावर जे धीट लांडगे येऊं लागले तेच हळूहळू आपण होऊन माणसाळले. हें मत सर्व पंडितांस मान्य नाहीं. परंतु २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं असें दाखवून दिलें, कीं पिष्टमय अन्न पचविण्याची जी सोय लांडग्यांत अगदीं थोडी असते ती कुत्र्यांत कितीतरी पटींनीं वाढलेली आहे. आपल्या भाकरीच्या तुकड्यानें कुत्र्याचें पोटच नव्हे, कुळहि बदललें. रस्त्यावर पडलेलें उचलणें हा खंड्याचा वडिलोपार्जित धंदा झाला. तो सोडून दे असें आपण त्याला सांगतों तेव्हां आपण कांहीं फार मोठें मागत आहों, एवढी जाणीव तरी मागणाऱ्यानें ठेवावी.

आणि हें मागणें जबरदस्तीनें पुरें होत नाहीं. आमच्या शेजारच्या इमारतींतील एका गृहस्थांजवळ लॅब्राडॉर जातीचा सुंदर कुत्रा आहे. त्यानें कांहीं उचललें कीं हे धांवत जातात, एका हातानें जबडा फांकतात आणि दुसरा हात घशापर्यंत घालून वस्तु बाहेर काढतात. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें चाकणचा किल्ला शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें सुमारें दोन महिने लढविला. शेवटीं बुरुजाखालीं सुरुंग उडवून खानानें तो घेतला खरा, पण तेवढ्यासाठीं त्याचीं शेंकडों माणसें खर्चीं पडलीं. शेजाऱ्यांचा रोजचा विजय याच जातीचा असतो. कारण आतां तो कुत्रा पन्नास पावलांवर मालक दिसतांच आधीं गिळतो आणि मग वर पाहतो. धन्याचा हात जवळ येणें म्हणजे हातचें जाणें, एवढाच धडा तो यांतून शिकला. आणि या धड्यावरचा त्यानें काढलेला तोडगा तर्काला धरूनच आहे.

आमचे डॉक्टर वयानें लहान, पण बोलण्यांत मुरलेले. ते म्हणाले, “काढून घेऊं नका, विकत घ्या.” त्यांची पद्धति अशी: प्रथम घरांत, पिलाला ज्याचें फारसें प्रेम नाहीं अशी एखादी वस्तु, लाकडी पळी किंवा जुनी चिंधी, त्याच्या तोंडांत असतांना त्याच्या नाकाशीं उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरावा. तोंड आपोआप सुटतें. तें सुटण्याच्या क्षणीं एकच ठरलेला शब्द एकदांच उच्चारावा, अंडें द्यावें, आणि मग (येथेंच सगळें मर्म आहे) ती पळी त्याला परत द्यावी. दिल्यानें गमावत नाहीं, ही गोष्ट त्याच्या मनांत शेंकडों वेळां ठसली पाहिजे. त्यानंतर शब्द आधीं आणि अंडें मागाहून, त्यानंतर अंगणांत, त्यानंतर आपणच मुद्दाम टाकून ठेवलेल्या निरुपद्रवी वस्तूंजवळून, आणि सर्वांत शेवटीं खऱ्या रस्त्यावर. पोट रिकामें ठेवून फिरायला नेऊं नये. नाकाला त्याचें हक्काचें काम मिळावें म्हणून घरच्या गवतांत मूठभर खाऊ विखरून त्याला तो शोधूं द्यावा. रस्त्यानें जातांना आपलें लक्ष त्याच्या मानेवर असावें, कारण कांहीं उचलण्यापूर्वीं पिलाची मान खालीं जाते, पाऊल आंखडतें आणि दोरी क्षणभर ताणली जाते. हांक मारावयाची ती त्या क्षणीं, उचलल्यावर नव्हे. आणि जें पिलूं खाऊ सोडून माती, दगड, चुना हेंच हपापून खातें त्याला शिकवणीच्या आधीं जंतांचें औषध आणि डॉक्टर यांची गरज असते.

यांत चिकाटी फार लागते, कारण आपला प्रतिस्पर्धी रस्ता आहे, आणि रस्ता हा पक्का जुगारी. वीस कागदांतील एकांतच वड्याचा तुकडा निघतो; आणि बक्षीस असें मधूनच, अवचित मिळालें म्हणजे तो नाद सर्वांत चिवट होतो, हें स्किनर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग करून सिद्ध केलें आहे. ज्यांनीं लॉटरीचीं तिकिटें घेणारा एखादा नातेवाईक जवळून पाहिला आहे त्यांना कबुतरांची साक्ष काढण्याचें कारण नाहीं.

ठरलेला शब्द कोणता असावा यावर आमच्या घरांत तीन दिवस चर्चा झाली. मराठी कुटुंबांत कुत्र्याशीं इंग्रजी बोलण्याची चाल कां पडली असावी हें मला कधीं उमगलें नाहीं. जीं माणसें आपसांत बसा-उठा म्हणतात तींच कुत्र्याकडे वळलीं कीं ‘सिट’, ‘स्टे’ म्हणूं लागतात, जणूं तो प्राणी नुकताच विलायतेहून आगबोटीनें उतरला आहे. माझ्या मुलाचें मत ‘लीव्ह इट’ ला पडलें. सौभाग्यवतीनें विचारलें, कीं ट्रान्सपोर्टनगरींत जन्मलेल्या कुत्र्याला ‘टाक’ म्हटलेलें कां कळूं नये? नातीनें आजीच्या बाजूनें मत दिलें आणि ‘टाक’ कायम झाला. त्याचा परिणाम मात्र चमत्कारिक झाला. स्वयंपाकघरांत हा शब्द किती वेळां उच्चारला जातो याची गणती कोणीच केली नव्हती. “आमटींत मीठ टाक,” “कपडे वाळत टाक,” असें आंतून ऐकूं आलें, कीं बाहेर ओसरीवर खंड्या तोंडांतला चेंडू टाकून अंड्याच्या आशेनें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं हजर होई. आतां आमच्या घरांत आमटींत मीठ ‘घालतात’.

रस्ता झाडणाऱ्या मावशींची आणि माझी ओळख खंड्यामुळेंच झाली. त्या पहाटे पांचाला येतात, आणि मागून रस्त्यावरचीं तीन कुत्रीं त्यांच्या बेतानें चालत असतात. रस्त्यावर कोठें काय पडतें याचें ज्ञान त्यांच्याइतकें महानगरपालिकेच्या कोणत्याहि दप्तरांत नसेल. एके दिवशीं त्या मला म्हणाल्या, “काका, इकडनं कशाला आणता त्याला? मटणाच्या दुकानामागनं जाऊं नका, शाळेच्या भिंतीकडनं जा. तिथं मी पहिल्यांदा झाडते.” तेव्हांपासून आमच्या फिरण्याचा मार्ग त्यांच्या खराट्यानें आंखून दिलेला आहे. ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला आली, त्याच्या दुसऱ्या सकाळीं खंड्याला घराबाहेर काढूं नका, असाहि निरोप त्यांनीं आदल्या दिवशींच दिला. वारकऱ्यांना गांवोगांवच्या लोकांनीं वाटलेल्या केळ्यांच्या सालींचा, द्रोणांचा आणि राजगिऱ्याच्या लाडवांच्या कागदांचा ढीग उपसायला त्यांच्या टोळीला दुपार झाली. २०१८ च्या मार्चमध्यें राज्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी त्या ढिगांत पिशव्याहि होत्याच. त्या दिवशीं मला नामदेवांची आख्यायिका आठवली. कुत्र्यानें पोळी पळविली तेव्हां ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, कीं देवा, कोरडी खाऊं नकोस. आमच्या काळांतील कुत्र्याच्या मागें धांवणाऱ्याला त्याच्या तोंडांतला घास काढून घेण्याकरितां धांवावें लागतें, आणि तेंहि प्रेमानेंच. पोळी तीच राहिली नाहीं, असें म्हणावें कीं काय?

श्रावणांतल्या एका सकाळीं पाऊस नुकताच थांबला होता. शाळेच्या भिंतीकडचा रस्ता खणून ठेवला होता म्हणून आम्ही एका धान्याच्या दुकानाच्या मागल्या बाजूनें निघालों. मीं पुढें पाहिलें तेवढ्या अवधींत दोरी ताणली गेली आणि सैल झाली. खंड्याच्या तोंडांत कणकेचा एक गोळा होता, लिंबाएवढा. कणीक कोणी भिजवून रस्त्यावर ठेवीत नाहीं, हें लक्षांत येण्यास मला क्षणहि लागला नाहीं. तो गोळा अखंड होता. जिभेवर असलेला गोळा आणि गिळलेला गोळा यांत पिलाच्या एका हुंदक्याएवढें अंतर असतें. मी जागच्या जागीं त्या ओल्या रस्त्यावर खालीं बसलों, दोरी सैलच ठेवली, खिशांतला अंड्याचा तुकडा तळहातावर ठेवून हात जमिनीलगत धरला आणि ‘टाक’ म्हटलें, रोजच्या आवाजांत, एकदांच. खंड्यानें माझ्याकडे पाहिलें. त्याच्या हनुवटीवरून पाण्याचा एक थेंब खालीं पडला. पाठीमागून एक दुचाकी आली आणि बाजूनें निघून गेली. मग त्यानें दोन पावलें पुढें येऊन तो गोळा माझ्या चपलेवर ठेवला, आणि व्यवहार पुरा झाल्यासारखा हातावरचा तुकडा घेतला. त्या दिवशीं त्याला खिशांतलीं सगळीं अंडीं मिळालीं.

गोळ्यावर दांतांच्या खुणा उमटल्या होत्या, पण तो फुटला नव्हता. आंत करड्या काळपट रंगाची पूड होती आणि तिला लसणासारखा वास येत होता. जवळच्या बाटलींतलें पाणी ओतून खंड्याचें तोंड धुतलें, गोळा कागदांत बांधला आणि रिक्षा करून दवाखाना गांठला. झिंक फॉस्फाइड असावें, असें रंगावरून आणि वासावरून डॉक्टर म्हणाले. उंदरांसाठीं तें वापरतात. पोटांतल्या आम्लाशीं त्याचा संयोग झाला कीं फॉस्फीन नांवाचा विषारी वायु निघतो, आणि त्यावर उतारा नाहीं. असल्या वेळीं मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा जो घरगुती उपाय जुनीं माणसें सांगतात तो त्यांनीं आम्हांस आरंभींच वर्ज्य केला होता, कारण तेवढें मीठच पिलाच्या जिवावर बेतूं शकतें; सांपडलेला पदार्थ किंवा त्याचें वेष्टन बरोबर घेऊन तडक यावें एवढेंच करावयाचें. दुपारपर्यंत त्यांनीं खंड्याला समोर ठेवून घेतलें. त्याला कांहीं झालें नाहीं. उलट, कंटाळून त्यानें तेथल्या वजनकांट्याची रबरी कड कुरतडली.

परततांना मी त्या दुकानाशीं थांबलों. रखवालदारानें सांगितलें, “रात्री ठेवले होते उंदरांसाठी, आठ-दहा असतील.” मालक भला माणूस निघाला, यापुढें औषध गुदामाच्या आंत, झांकणाच्या पेटींतच ठेवीन असें त्यानें कबूल केलें, आणि त्याप्रमाणें तो वागतोहि. पण आठ-दहांतील सांपडले किती? मावशींनीं सकाळीं सुपलींत पांच गोळा केले होते. त्या मला कोपऱ्यावरच भेटल्या. त्यांच्या मागें त्या दिवशीं दोनच कुत्रीं होतीं. तिसरें, तें तपकिरी, गटाराच्या कडेला सांपडलें होतें आणि त्यांनींच तें गाडीवर घालून दिलें होतें. मीं त्यांना खंड्याची हकीकत सांगितली. त्यांनीं ती सगळी ऐकून घेतली, खाली वांकून खंड्याच्या कानामागें खाजविलें आणि म्हणाल्या, “बरं झालं. त्याला कोण सांगणार होतं टाक म्हणून?”

त्या प्रसंगानंतर मुलानें तोंडाला बांधावयाची एक जाळी आणली. नातीला ती तुरुंगासारखी वाटते. मला तसें वाटत नाहीं. चांगल्या जाळींतून पिलाला धापा टाकतां येतात, पाणीहि पितां येतें. जेथें पुढच्या वळणावर काय पडलें आहे याचा भरंवसा नाहीं तेथें ती घालण्यांत ना धन्याला कमीपणा आहे ना कुत्र्याला. अनोळखी रस्त्यावर आम्ही ती घालतों. शाळेच्या भिंतीकडे काढतों.

खंड्या आतां दहा महिन्यांचा झाला असून त्याचे बेचाळीसहि दांत आले आहेत. डॉक्टरांच्या पद्धतीचा एक परिणाम असा झाला आहे, कीं खाण्याजोगें नसलेलें कांहीं सांपडलें तर तो तें आपण होऊनच माझ्याकडे आणतो आणि भावाची वाट पाहत बसतो. ही शुद्ध व्यापारी वृत्ति आहे हें मला कळतें, पण मी ठरलेला दर देतों. खिडकींत त्यासाठीं एक जुना बिस्किटांचा डबा ठेवला आहे. त्यांत तीन नट, एका लहान मुलाचा मोजा, छत्रीची मूठ, एक बिनकाट्यांचें घड्याळ आणि कुलपाविना एक किल्ली आहे. गेल्या आठवड्यांत त्यानें बसथांब्याजवळून एका कामगाराचें ओळखपत्र आणलें. त्यावर दांत लागले नव्हते. मीं तें पुसून थांब्याच्या खांबाला त्याच्याच फितीनें बांधून ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्या पाळीची बस गेल्यावर पाहिलें, तेव्हां तें तेथें नव्हतें.